गल्लीपलीकडची शाळा

गेल्या महिन्यात अकोल्याहून एक कागद आला. टपालवाल्यानं तो ओट्यावर ठेवला. मी चष्मा लावला आणि नुसतं अक्षर बघूनच मला हसू आलं. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जायची, ही रीत. या कागदावर अक्षरं आधी लिहून रेघ मागाहून ओढलेली होती, त्यामुळे ती कुठं अक्षरांच्या डोक्यावरून तर कुठं थेट कपाळातून गेलेली. असं मोडी लिहिणारी एकच बाई मला सगळ्या वऱ्हाडात माहीत होती. मी मनात म्हटलं, राहीबाई, इतकी वर्षं झाली, तुमची रेघ काही सुधारली नाही... आणि वाचायला लागलो. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, की आई चार दिवसांच्या तापानं प्रभूच्या घरी गेली. कागद राहीबाईचा नव्हताच. तिच्या मुलीचा, मार्थाचा होता. लेकीनं आईचं अक्षर उचललं होतं, रेघेच्या चुकीसकट. खाली लिहिलं होतं, ‘आईनं सांगून ठेवलं होतं, गुरुजींना मोडीतच कळव.’

मी काही तिचा गुरू नव्हतो. म्हणजे होतोही आणि नव्हतोही. ते कसं, हे सांगायला बसलो आहे. सांगताना माझी बाजू फारशी चांगली दिसणार नाही, पण पन्नाशी उलटलेल्या पंतोजीनं आता कुणाला छान दिसायचं आहे?

तिचं खरं नाव राहेल. आमच्या गल्लीत कुणाच्या जिभेला ते वळेना म्हणून आठ दिवसांत तिची राहीबाई झाली, आणि तीही त्या नावाला ओ देऊ लागली. कुटुंब मूळ नगरकडचं, ख्रिस्ती. ती लहानपणी तिकडच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकलेली. नवरा दावीद, हाडाचा सुतार. तेव्हा सातासमुद्रापलीकडं कुठंशी लढाई पेटली होती आणि इकडं आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अमरावतीत जो तो कापसाच्या मागं. गाठी दाबायचे लाकडी दाब उभारायला सुतार हवे होते, म्हणून दावीद बैलगाडीत बिऱ्हाड घालून आला आणि माझ्या घरासमोरचं दोन खणांचं घर त्यानं भाड्यानं घेतलं. मधे सात हातांची गल्ली. माझ्या ओट्यावर माझी शाळा, समोर त्यांचा ओटा. बरोबर दोन मुलं, योसेफ आणि मार्था. धाकटी रूथ इथलीच, आमच्या गल्लीतली पैदास.

आल्यावर तिसऱ्या दिवशी राहीबाई योसेफचा हात धरून गल्लीत उभी राहिली. माझ्या ओट्याला हात लावला नाही, पायरीपाशीही आली नाही. पोराला शाळेत घ्याल का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, जागा नाही बाई. तिनं ओट्याकडं बघितलं. निम्मा ओटा रिकामा होता. कापसाच्या त्या दिवसांत आईबापांनी पोरं शाळेतून काढून गाड्यांवर राखणीला बसवली होती, कुणाचा मुलगा काट्यावर, कुणाचा दाबावर. तीस पोरांची बारा उरली होती माझ्याकडं. पण त्या बारांच्या बापांनी आदल्याच दिवशी मला बजावलं होतं, की ते बाटलेले लोक समोर आलेत, त्यांचं पोरगं आमच्या पोरांत बसलं तर आमची पोरं घरी. तेव्हा जागा नव्हती, हे एका परीनं खरंच होतं. ती म्हणाली, “बरं. मग मी घरीच शिकवते.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि तिनं शिकवायला सुरुवात केली. समोरच्या ओट्यावर, रोज, माझी शाळा भरायची त्याच वेळेला. इकडं माझी बारा पोरं पाढ्यांचा गलका करायची, तिकडं तिची दोन पोरं आधी एक गीत म्हणायची, डोळे मिटून आई प्रार्थना सांगायची, आणि मग घरातल्या एकुलत्या एका पुस्तकातून, त्यांच्या शुभवर्तमानातून, वाचन सुरू. हरवलेल्या मेंढराची गोष्ट मला इतकी पाठ झाली होती की एकदा मोरोपंतांच्या आर्येऐवजी तीच माझ्या तोंडून निघणार होती. ती छडी वापरत नसे. याचा मला फार राग यायचा. पोरं मधेच प्रश्न विचारत आणि ती उत्तर देत बसे. मेंढरू हरवलं तेव्हा बाकीची नव्याण्णव कुणी राखली, असं एकदा मार्थानं विचारलं, तर हिनं मेंढपाळाला बाजूला ठेवून त्यावरच अर्धी सकाळ घालवली. मी बायकोला म्हणालो, ही पोरं डोक्यावर बसणार बघ. बायको म्हणाली, तुमची कुठं बसून राहिली ते बघा आधी. माझी निम्मी त्या दिवशी कापसाच्या गाडीमागं पळाली होती.

गणित ती सरकीवर शिकवी. दाबाच्या आवारातून दावीद ओंजळभर सरकी आणायचा, पोरं तिच्यावरचा कापूस नखांनी काढत बेरीज करायची, वजाबाकी करायची, दहादहाचे ढीग लावायची. संध्याकाळी तीच सरकी गल्लीतल्या गाईपुढं ठेवायची. दुसऱ्या दिवशी नवी. छोटी मार्था मला एकदा समोरून ओरडून म्हणाली, “पंतोजी, आमचं कालचं गणित गाईनं खाल्लं.” मी तोंड फिरवून हसलो. पंतोजीनं शाळेच्या वेळेत हसू नये, असा माझा तेव्हा नियम होता.

वर्षं अशीच गेली. योसेफ बारा-तेराचा झाला, घडाघडा वाचू लागला, माझ्या कुठल्याही पोरापेक्षा सरस. आता जे सांगायचं ते सांगूनच टाकतो. मला पहिल्या वर्षीच एक गोष्ट दिसली होती. राहीबाई शिकवत होती ती सगळी छापील बाळबोध अक्षरं. मिशनच्या शाळेत तिला तेवढंच शिकवलं होतं, कारण तिथं सगळं छापील पुस्तकांवर चालायचं. दावीदला येत होतं तेही तेवढंच. पण आमच्या वऱ्हाडात दुकानाची चिठ्ठी, कचेरीचा कागद, पाटलाचं पत्र, सगळा कारभार मोडीत. नुसतं बाळबोध शिकलेला पोरगा बाजारात आंधळा. हे तिला ठाऊक नव्हतं, कारण तिला कधी कुणी चिठ्ठी लिहिली नव्हती आणि तिनं कधी दुकानाची पायरी चढून कागद मागितला नव्हता. ख्रिस्ती माणसांचं दुसरं घर गावात नव्हतं, पाद्री साहेब थंडीत एकदा तंबू घेऊन येऊन जाई. सांगणार कोण? मी सांगू शकत होतो. सात हातांवरून एक वाक्य टाकायचं होतं. मी टाकलं नाही. पहिल्या दिवशी ‘जागा नाही’ म्हटल्यावर आता कोणत्या तोंडानं सल्ला द्यायचा, अशी मी मनाची समजूत घातली. पण खरं विचाराल तर तिची पोरं माझ्या पोरांपेक्षा चांगली वाचतात हे मला खुपत होतं, आणि त्यांना एक गोष्ट येत नाही हे मला माहीत असणं... ते मला बरं वाटत होतं.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि दाबाच्या फिरत्या मळसूत्रात दावीदचा उजवा हात सापडला. तीन बोटं गेली. सुताराची तीन बोटं म्हणजे सुताराचं सगळंच. घर योसेफवर आलं. अकोल्याच्या एका कापूसवाल्या शेठला कारकून हवे होते, तेव्हा सगळ्यांनाच हवे होते, म्हणून दावीदच्या मुकादमानं योसेफला तिकडं पाठवलं. आठव्या दिवशी पोरगा परत आला. मुनिमानं त्याच्यापुढं एक कागद टाकला होता. त्यानं तो सरळ धरून बघितला, आडवा धरून बघितला. एक अक्षर लागेना. पेढीवरचे सगळे हसले. एवढा शिकलेला, एवढा शिकलेला म्हणत होते, हा तर कोराच, असं मुनीम म्हणाला. पण माणूस वाईट नव्हता. संक्रांतीपर्यंत शिकून आलास तर जागा ठेवतो, असंही म्हणाला.

त्या दुपारी गल्लीत कुणी नव्हतं, पुरुष सगळे बाजारात. राहीबाई आपल्या ओट्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसली. मी माझ्या पायरीवर होतो. मग तिनं विचारलं, “गुरुजी, तुम्हाला माहीत होतं ना?” त्याआधी ती मला कधी गुरुजी म्हणाली नव्हती. मी खोटं बोलू शकलो असतो. म्हणालो, “होतं.” तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता शिव्या देईल, मी तयारही होतो. पण ती स्वतःलाच बोलत होती. माझ्या लेकराला मी घरात बसवून आंधळं केलं, म्हणाली, चांगलं करते असं वाटत होतं हो मला... मग डोळे पुसले आणि म्हणाली, “मग आता मला शिकवा. पोरांना नको, मला. त्यांना मी शिकवीन.”

यातही तिनं माझीच सोय बघितली होती. पोरं माझ्याकडं शिकली असती तर बोभाटा झाला असता. बाईमाणसाशी दुपारी गल्लीतून दोन शब्द बोललो तर कोण काय म्हणणार? कागदावर लिहून देता आलं असतं, पण मोडी कागदावरून उचलता येत नाही, हात कसा वळतो ते बघावं लागतं. तेव्हा असं ठरलं, की मी माझ्या खालच्या पायरीवर बसून काडीनं गल्लीतल्या धुळीत लिहायचं आणि तिनं तिच्या पायरीवरून बघायचं. सकाळी सडा घातल्यानं धूळ दबलेली असायची, अक्षर छान उठायचं. ती गल्ली कुणाची नव्हती, तिच्यावर माझा धर्मही नव्हता आणि तिचाही. ती बघून घ्यायची, आत जायची आणि दिवेलागणीला पोरांकडून घटवून घ्यायची.

आठ दिवसांनी तिच्या दारापुढं मार्थानं माझ्याकडं पाठ करून काढलेली अक्षरं मी बघितली आणि कपाळावर हात मारला. सगळी उलटी. पाय वर, डोकं खाली. अहो, साहजिकच होतं. मी माझ्याकडं तोंड करून लिहीत होतो, ती समोरून बघत होती, तिला दिसलं तसं तिनं उचललं आणि तसंच पोरांना शिकवलं. आठ दिवस पाण्यात. संक्रांत जवळ येत चाललेली. आता दोनच उपाय होते. एक, तिनं माझ्या ओट्यावर यावं आणि माझ्या शेजारून बघावं. दुसरा, मी उठून गल्ली ओलांडावी आणि तिच्या ओट्यापाशी बसून लिहावं. मी तिसरा काढला. उलटं लिहायला शिकलो. अक्षरं खालून वर, उजवीकडून डावीकडं काढायची, म्हणजे समोरच्याला सरळ दिसतात. वळण पडलेला तीस वर्षांचा हात, पण चार दिवसांत बसवला मी. फार अभिमान वाटला होता मला स्वतःचा. बायको दारातून बघत होती. म्हणाली, “एवढा खटाटोप करून राहिले तुम्ही, त्यापेक्षा सात हात चालून जा ना.” मी तिच्यावर खेकसलो. पोरांच्या बापांची भीती घातली, जातीची घातली. ती आत गेली. खरं म्हणजे तोवर बारांपैकी चारच पोरं उरली होती आणि त्यांच्या बापांना कापसापुढं ओट्यावर कोण बसतं हे बघायला वेळ नव्हता. मला ते कळत होतं. तरी मी उलटंच लिहीत राहिलो.

ती मात्र झपाटल्यासारखी शिकली. आधी रेघ, मग अक्षर, हे मी तिला शंभरदा सांगितलं असेल. ती म्हणायची, हो हो, आणि पुन्हा बाळबोधासारखी अक्षरं आधी आणि रेघ मागाहून. आम्ही शेवटी ते सोडून दिलं. संक्रांतीच्या आधी योसेफला मी माझ्याकडचं एक जुनं पत्र दिलं, गल्लीच्या मधोमध ठेवून. त्यानं ते उचलून मोठ्यानं वाचलं, एकदाही न अडखळता. राहीबाई तिच्या पायरीवर डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते. वाचून झाल्यावर ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज करत बसली. मला वाटतं ती रडत होती. मीही उगाच बोरू तासत बसलो. योसेफ अकोल्याला गेला आणि पेढीवर लागला. निघताना समोरून म्हणाला, सलाम गुरुजी. मी हात वर केला.

मग ती लढाई संपली, कापसाचा भाव पडला, दाब बंद झाले, माझी पोरं एकेक करून ओट्यावर परत आली. समोरचं बिऱ्हाड योसेफकडं अकोल्याला निघालं. गाडी भरून झाल्यावर राहीबाई रूथला कडेवर घेऊन गल्लीत आली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती तिच्या बाजूला न थांबता मधोमध येऊन उभी राहिली. म्हणाली, “गुरुजी, अकोल्याला या कधीतरी. आमच्या ओट्यावर जागा आहे.” टोमणा नव्हता तो. तिला टोमणे येत नसत, हीच तर पंचाईत होती. मी म्हणालो, येईन की. पुढं बडनेऱ्याहून आगगाडी सुरू झाली, अकोला अर्ध्या दिवसावर आलं. वर्षातून एखादा कागद तिचा यायचा, मागाहून ओढलेल्या रेघेचा. योसेफ बरा आहे, मार्था आता रूथला शिकवते, दावीदनं डाव्या हातानं पाट केला. शेवटी ‘यावे’. मी दर वेळी उत्तर पाठवायचो, आणि जायचं तेवढं राहून जायचं.

मार्थाचा कागद आला त्या दिवशी मी बायकोला म्हणालो, मी अकोल्याला जातो. ती म्हणाली, आता जाऊन राहिले? आणि डबा बांधायला लागली. आगगाडीत मी पहिल्यांदाच बसलो. एका बाकावर एकाला एक खेटून कोण कोण बसलेलं, कुणी कुणाला काही विचारलं नाही. अकोल्यात योसेफ घ्यायला आला होता. त्याच्या मागोमाग त्यांचा ओटा मी चढलो. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काहीच झालं नाही. दावीदनं डाव्या हातानं पाट मांडला, मार्थानं पाणी दिलं, मी प्यालो. राहीबाई शेवटी शेवटी तापात पाढे म्हणत होती, असं दावीदनं सांगितलं.

ओट्याच्या कोपऱ्यात धूळपाटी होती, शेजारी वाडग्यात सरकी. सहा वर्षांची रूथ माझ्याजवळ येऊन बसली, अगदी मांडीला खेटून, आणि पाटी पुढं ओढत म्हणाली, आईचं नाव काढून द्या मोडीत. मी काडी घेतली आणि राहेल असं काढलं. पोरगी वाकली, मान तिरपी केली, मग माझ्याकडं बघितलं. “आजोबा, तुमी उलटं कावून लिहून राहिले?” मी पाटीकडं बघितलं. खरंच उलटं होतं. समोर कुणीही नव्हतं, पोर माझ्या शेजारी होती, आणि माझा हात अजून गल्लीपलीकडच्या माणसासाठी लिहीत होता. चुलीपासून मार्था म्हणाली, “रूथ, आई सांगायची ना, गुरुजी समोरच्याला सरळ दिसावं म्हणून उलटं लिहायला शिकले.” म्हणजे राहीबाईनं पोरांना ही गोष्ट अशी सांगितली होती. सात हातांचं त्यात काहीच नव्हतं. माझे डोळे भरून आले, मी ते पुसलेही नाहीत.

मी तळव्यानं धूळ सारखी केली आणि पुन्हा लिहिलं, हळूहळू, सरळ. हाताला ते जड गेलं. अक्षरं झाली आणि माझ्या लक्षात आलं की मी आधी रेघ मारायलाच विसरलो. रूथनं माझ्या हातातून काडी घेतली आणि आईच्या नावावरून रेघ ओढली, मागाहून, जराशी कपाळातून. मी ती सुधारली नाही. त्या शाळेत रीत तशीच होती.